काखेतली नळी

काळजीरामाने डावी काख घट्ट आवळली आणि बसच्या पायरीवर पाय ठेवला. काखेत, सदऱ्याच्या आत, बोटाएवढी काचेची नळी होती आणि नळीत पहिलवानाचं वीर्य. पहिलवान म्हणजे सासूबाईंचा कुत्रा. असा नमुना अंगाच्या उबेतच न्यायचा, गार पडला की आतले जीव मलूल होतात, ही काळजीराम काम करायचा त्या प्राण्यांच्या प्रयोगशाळेची रीत.

पहिलवानाला पिल्लं होत नव्हती. वीर्याला जणू गंज चढू न देणारी जी एन्झाइम्स असतात, तीच कमी निघाली होती. दोन महिने गोळ्या झाल्या, आज फेरतपासणी.

"आजही रिपोर्ट वाईट आला ना, तर उद्याच खच्ची करून टाकते मेल्याला," सासूबाईंनी बजावलं होतं. "नुसतं खाऊन लोळणारे किती पोसायचे?"

हे बोलताना त्या कुत्र्याकडे नाही, जावयाकडे बघत होत्या. त्याच्याही घरी इतक्या वर्षांत पाळणा हलला नव्हता. म्हणूनच असेल, जावई आणि पहिलवान एकमेकांना फार धरून होते.

"देवा, एवढी नळी तेवढी गार पडू देऊ नकोस," तो मनात घोकत होता. बस मुंगीच्या पावलांनी चालली होती. त्याला दरदरून घाम सुटला.

"अहो, वरची दांडी धरा की," कंडक्टर म्हणाला.

"नको, बरा आहे असाच."

समोरच्या मावशींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "डावा हात आखडलाय, घाम फुटलाय, तोंड पांढरंफटक! अहो ड्रायव्हर, हार्ट अटॅक आहे हा!"

"नाही हो मावशी, मी ठणठणीत आहे."

"आमचे हेसुद्धा असंच म्हणाले होते."

बस थेट इस्पितळाच्या दारात गेली. कंडक्टरने काळजीरामाच्याच फोनवरून घरी कळवूनही टाकलं.

"हात वर करा," डॉक्टर म्हणाले.

"नाही करता येत."

"बघा, हात उचलत नाही!" मावशी दारातून ओरडल्या. दोघा वॉर्डबॉयनी हात धरून ओढला आणि नळी गादीवर पडली.

"सिस्टर, वीर्य आहे ते!" काळजीराम किंचाळला. "गार पडायच्या आत तपासा हो, कुणाच्या तरी जन्माचा प्रश्न आहे!"

सिस्टर मायाळू होती. तिने एका शब्दानेही काही विचारलं नाही. नळी मुठीत धरली आणि इस्पितळाच्या लॅबकडे धावली.

ईसीजी अगदी नॉर्मल आला. तेवढ्यात बायको आणि सासूबाई धापा टाकत पोचल्या. त्यांच्या पाठोपाठ सिस्टर हसत आत आली.

"उगाच जिवाला घोर लावून घेतलात, दादा. तुमचा वीर्याचा रिपोर्ट उत्तम आहे. नुसते धावताहेत!"

बायकोने डोळ्यांना पदर लावला. सासूबाईंना तर हुंदकाच फुटला. "जावईबापू! आणि मी मेली तुम्हाला येता-जाता टोचत होते!"

जावईबापू! हा शब्द त्याने लग्नाच्या मांडवानंतर आज प्रथमच ऐकला. कानांत कुणी मध ओतावा तसं झालं. गप्प बसलं की झालं, जन्माची कटकट मिटत होती. पण डोळ्यांपुढे पहिलवान आला, मान तिरकी करून बघणारा. हा रिपोर्ट त्याच्या नावावर लागला नाही, तर उद्या त्याला खच्ची करणार होते.

"सासूबाई," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तो नमुना आपल्या कुत्र्याचा, पहिलवानाचा आहे."

सिस्टरने आपला हात नाकाशी नेला आणि बेसिनकडे पळाली.

सासूबाईंनी डोळे कोरडे केले. "म्हणजे त्या गोळ्यांनी गुण आला म्हणायचा?"

"आला ना! आता त्याला खच्ची नाही ना करणार?"

"छे, काहीतरीच!" त्यांनी जावयाला पुन्हा एकदा नीट निरखलं आणि लेकीकडे वळल्या.

"अगं, पहिलवानाच्या गोळ्या अजून अर्धा डबा शिल्लक आहेत. उद्यापासून यांना सकाळ-संध्याकाळ चालू कर."