दोन दौलतींच्या एका पडद्याची हकीकत

॥ श्री ॥ विघ्नहर्त्यास दंडवत, विजेस दंडवत, आणि जी यंत्रे अद्याप बंद पडली नाहीत त्यांसही दंडवत. शके १९२१, प्रमाथी नाम संवत्सर, आश्विन मास. एका राज्यी दोन जुन्या संगणकांच्या दोन दौलती नांदत होत्या. एक कोठीची, तीत मालाची गणती; दुसरी चाकरीची, तीत माणसांची गणती. दोहींचे वैर जुने, परंतु खजिन्यात खडखडाट, म्हणोन दोहींत मिळोन पडदा एक, कळफलक एक, आणि त्यापुढे बसणारी वेणूबाई टिपणीस एक. कळ दाबिली की एक दौलत मागे जावी आणि दुसरी पुढे यावी. दोहींची अक्षरे हिरवी, ओळख पटेना. सबब कोठी पुढे असता पडद्याचे माथी तांबडे फडके घालावे, चाकरी असता पिवळे, ऐसा रिवाज पडला.

बाईंची लेक साताऱ्यास एकटी, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाईंनी रजा मागावी आणि सरदारांनी "पडदा कोण पाहील?" म्हणावे, ऐसे फार दिवस चालिले. अखेर दसऱ्यानंतरची रजा मंजूर जाहली. मग खंडेनवमीस पडद्याची पूजा मांडिली, आणि कोठीचे सरदार विश्रामपंत बोलिले, "पूजेस आमचेच फडके." आणि चाकरीचे सरदार त्रिंबकराव बोलिले, "पिवळे हटणार नाही." मग दोन्ही घातली, आणि पूजा उरकली तरी पहिले कोणाचे काढावे, या वादात कोणी हात लाविना.

एकादशीस बाई निघण्यापूर्वी हातचे काम उरकीत होत्या. मोडका माल क्रमांक चारशे बारा निकाली काढिला. यंत्राने पुसिले, खात्री? बाई थकल्या होत्या, होय म्हणाल्या. परंतु माथी दोन्ही फडकी तशीच, आणि पुढे चाकरीची दौलत होती, आणि तीत चारशे बारा म्हणजे खुद्द बाई. नाव गेले, सवे रजाही गेली.

विश्रामपंत म्हणाले, "माल आमचा नव्हे." त्रिंबकराव म्हणाले, "पुन्हा दाखल व्हावे. परंतु नव्या चाकरास सहा मास रजा नाही. बसा, आपले नाव आपणच घाला."

बाई बसल्या. नावाचे पहिले अक्षर दाबिले आणि थांबल्या. म्हणाल्या, "साहेब, मी तुमच्या दौलतीत नाही ना आता?"

"यंत्र तसेच सांगते."

"मग मला रजा कशाला लागते?"

आणि तांबडे फडके पंतांचे हाती दिले, पिवळे रावांचे हाती दिले, आणि पिशवी उचलोन साताऱ्याची एसटी धरिली.

तात्पर्य, नात जाहली, बाळ-बाळंतीण सुखरूप. दोन्ही सरदार फडकी घेऊन पडद्यापुढे उभे आहेत. कळ कोणती, हे दोघांस ठाऊक नाही. इति.