साहेबांची सक्तीची रजा

"किल्ली घेतलीत ना?" बायकोने विचारलं, तेव्हा सव्वीस वर्षं धनवंतांची संपत्ती सांभाळणाऱ्या माणसाला शोभेल अशा आवाजात साहेब म्हणाले, "घेतली!" आणि त्यांनी दार ओढून घेतलं. खिसा चाचपला तो नंतर. किल्ली बँकेतल्या ड्रॉवरमध्ये राहिली होती. बायकोची आत, खुंटीवर.

एरवी यात काही विशेष नव्हतं. पण आज साहेबांच्या सक्तीच्या रजेचा पहिला दिवस होता. वरिष्ठांनी वर्षातून सलग दहा दिवस बँकेची पायरी चढायची नाही. म्हणजे त्यांनी काही भानगडी केल्या असतील तर त्या पाठीमागे आपोआप बाहेर येतात. परिपत्रक साहेबांनीच लिहिलं होतं. अर्थात, इतरांसाठी.

"किल्लीवाल्याला बोलवू या," बायको म्हणाली. "दुपारी माझे पडदे न्यायला टेम्पो येतोय. ऑर्डर चुकली तर गिऱ्हाईक जाईल."

"तुझे पडदे राहू देत! माझी किल्ली, माझा ड्रॉवर, माझी बँक. बघतोच कोण अडवतो!"

दरवानाने अडवलं.

"साहेब, तुम्ही रजेवर आहात."

"अरे, तो नियम मी केलाय!"

"म्हणूनच तर मोडायची भीती वाटते," दरवान म्हणाला. काचेवर परिपत्रक डकवलेलं होतं. खाली साहेबांची झोकदार सही.

आरडाओरडा ऐकून हाताखालचा अधिकारी धावत आला, पण काचेच्या आतल्या बाजूलाच थांबला. "सर, तुमचा ड्रॉवर सील केलाय. तुम्ही स्वतः समोर असल्याशिवाय तो उघडायचा नाही. कलम चार."

"मग मला आत घे!"

"तुम्हाला आत घ्यायचं नाही. कलम तीन."

"कलम तीन रद्द!"

"सर, रजेत कामकाजाचं बोललात की दहा दिवस पहिल्यापासून. कलम सात." त्याने घड्याळ पाहिलं. "झाले सुरू."

"पण बँकेत माझं—"

"पुन्हा झाले."

साहेबांनी पायरीवर बैठक मारली. अंगात फिरायला जायची हाफपँट, पण आव सेनापतीचा. "हलणार नाही! दहा काय, वीस दिवस बसेन!"

"बसा," म्हणून बरोबर आलेली बायको दाराकडे गेली. दरवानाने तिला कडक सलाम ठोकला आणि दार उघडलं. काचेतून साहेबांना दिसलं ते असं: अधिकारी खुर्ची ओढतोय, नाजूक कपातून कॉफी येतेय, आणि बायको ती सावकाश पितेय.

दहा मिनिटांनी ती बाहेर आली. "चला. किल्लीवाला निघालाय. आपल्याला बँकेची गाडी सोडतेय."

"गाडी? ती फक्त खास ग्राहकांना मिळते!"

"हो ना. नऊ वर्षं झाली."

"कशाच्या जोरावर?"

"पडद्यांच्या."

साहेबांनी वर पाहिलं. बँकेच्या चारही मजल्यांच्या खिडक्यांवरच्या पडद्यांना एका मापाच्या चुण्या पडलेल्या होत्या. घरी हॉलभर पसरलेल्या याच चुण्यांवरून त्यांचे नि तिचे दरमहा खटके उडत.

"आणि मला कुणी बोललं नाही?" ते काचेवर गरजले.

"ग्राहकाची गुप्तता, सर. नवऱ्यालाही सांगायचं नाही. कलम एक."

"मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही!"

"नका ठेवू," बायको गाडीत बसत म्हणाली. "मला टेम्पो गाठायचाय."

साहेब मान ताठ ठेवून आणखी अर्धं मिनिट बसले. मग उठले, हाफपँट झटकली आणि मुकाट्याने तिच्या शेजारी जाऊन बसले.

"अगं," आवाज शक्य तितका बेफिकीर ठेवून त्यांनी विचारलं, "खात्यात साधारण किती आहेत?"

काचेआड अधिकाऱ्याने कान टवकारले आणि घड्याळ पाहिलं.