पत्रूभाऊ आणि बारा काळ्या शेगड्या

पत्रूभाऊ कुणाच्या दारात आले की रामराम करायचे नाहीत. ते विचारायचे, "हात कोरडे आहेत ना जी?" समोरचा माणूस गोंधळून स्वतःचे हात पाहू लागे. एकदा खाणीचे साहेब पाहणीला आले आणि त्यांनी मोठ्या मनाने हात पुढे केला, तर पत्रूभाऊंनी तो आधी उलटासुलटा करून पाहिला आणि मगच हातात घेतला. तेव्हापासून साहेब त्यांना लांबूनच मान हलवून ओळख देत.

ते आमच्या वसाहतीचे वायरमन होते. चांद्याचं तेव्हा चंद्रपूर झालेलं नव्हतं. चांद्यापासून काही मैलांवर, जंगल जिथे सुरू होतं तिथे, एक कोळशाची खाण होती. माझे यजमान तिथे हजेरी घ्यायच्या कामावर होते. मी वर्ध्याहून नुकतीच लग्न होऊन आलेली, एकोणीस वर्षांची, आणि मुळातच भित्री.

स्टाफची बारा घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लावून उभी होती. एका घरच्या चुलीचा धूर दुसऱ्या घरच्या देवघरात जाई. त्यावर साहेबांनी उपाय काढला. खाणीच्या पॉवरहाउसची वीज होतीच, तर बाराही घरांत विजेच्या शेगड्या आणवल्या. आम्ही अक्षरशः कोळशावर बसलो होतो, पण स्वयंपाकघरात कोळसा पेटवायला बंदी.

शेगडी म्हणजे पांढऱ्या मुलाम्याची एक पेटी, तिच्यावर जाड लोखंडाची काळी गोल तबकडी आणि पुढे एक कान पिळायचं बटण. जाळ नाही, धूर नाही, आवाज नाही. मला त्याचीच भीती वाटायची. चूल पेटलेली आहे की विझलेली, ते दारातून कळतं. ही थंड असतानाही काळी आणि तापल्यावरही काळीच.

वसाहतीत आले तेव्हा मला तीन गोष्टींची धास्ती होती: मागच्या नाल्यावर पाण्याला येणारा वाघ, सासूबाईंची पत्रं आणि ही शेगडी. पत्रूभाऊंनी पहिल्याच दिवशी शेगडीला पहिल्या नंबरावर नेऊन बसवलं.

ते आले. चाळिशीचे, काटक, भर उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. हात कोरडे आहेत का ते विचारून झालं. मग त्यांनी मला जेवणाच्या पाटावर उभं केलं आणि सांगितलं की यापुढे स्वयंपाक पाटावर उभं राहूनच करायचा, मग घरात कितीही पाहुणे हसोत. चहा होऊन बराच वेळ झाला होता, शेगडी मी बंद केलेली होती. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढून तबकडीवर ठेवला. कागद पाहता पाहता तांबूस झाला आणि कडेने वळला.

"बंद म्हणजे थंड नाई, बाई," ते म्हणाले. "बंद केल्यावर अर्धा घंटा इच्यावर भरवसा ठेवाचा नाई."

मग नियम सुरू झाले आणि प्रत्येक नियमामागे एक थरारक हकिकत. भांडं सपाट बुडाचंच हवं. माझ्या रुखवतातली पातेली त्यांनी एकेक करून फरशीवर ठेवली, डोळा बारीक करून पाहिली आणि तीन बाद केली. "पोट सुटलं आहे ह्यायचं," एवढंच कारण. भांडं ओढायचं नाही, उचलायचं. तापलेल्या तबकडीवर गार पाणी पडू द्यायचं नाही. सात नंबरात ते पडलं, तर बंदुकीसारखा आवाज होऊन तबकडी तडकली होती आणि तिथल्या बाई दोन दिवस स्वयंपाकघरात गेल्या नव्हत्या. शेगडीवर काही ठेवायचं नाही, अगदी रिकामी टोपलीसुद्धा नाही. रोज निवल्यावर ओल्या फडक्याने पुसून वर तेलाचं एक बोट फिरवायचं, नाहीतर गंज चढतो. आणि सगळ्यांच्या वरचा नियम: दूध उतू गेलं, काही सांडलं, काहीही झालं, तरी "आधी पिन, मंग हात." भिंतीतली पिन काढल्याशिवाय शेगडीला फडकं लावायचं नाही. हे त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. मी शाळेत पाढेसुद्धा इतक्या घाबरून म्हटले नव्हते.

दर गुरुवारी सकाळी तपासणी असे. एक नंबरापासून सुरू करून ते बारापर्यंत जात. शेगडीवर डाग दिसला तर फार काही बोलायचे नाहीत. डागाकडे पाहत उभे राहायचे, मग एखाद्या जळालेल्या माणसाची गोष्ट सांगायचे, बारीकसारीक तपशिलांसह. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. म्हणून आम्ही बायकांनी एक युक्ती काढली होती. पत्रूभाऊ शेजारी शिरले की तिथल्या बाईने भिंतीवर पळीने दोनदा ठोकायचं. पुढच्या घरी धावपळ सुरू.

गंमत म्हणजे याच माणसाला जंगलाचं काही वाटत नसे. तिन्हीसांजेला नाल्यावरून एकटे येत. वाघाचा माग दिसला तर घरी येऊन सहज सांगत. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत? ते म्हणाले, वाघ दुरून दिसला तरी वाघच दिसतो, त्यात फसवणूक नाही.

पॉवरहाउसला लागून त्यांची एक खोली होती. तिथे ते एकटेच राहत. बायको वडशापलीकडच्या माहेरी असते, एवढं माहीत होतं. यांच्या गोष्टींना कंटाळूनच ती पळाली असणार, असं आम्ही हसून म्हणायचो. मीही म्हटलं होतं. ते आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यातला तो गुरुवार. फरशी नुकतीच धुतली होती. दुधाचं पातेलं शेगडीवर होतं आणि मी सासूबाईंचं पत्र वाचत होते, म्हणजे दूध उतू जाणारच. पांढरा लोट तबकडीवर पसरून करपला, बटणाच्या खाचेत उतरला. मी पातेलं उतरवलं, आणि तेवढ्यात भिंतीवर पळी वाजली. दोनदा.

आता ते येणार, डागाकडे पाहत उभे राहणार, माणूस कसा जळाला ते सांगणार. पाट बाजूला सारला, बादलीतलं फडकं तसंच उचललं, एक हात पेटीच्या कडेवर टेकवला आणि बटणाभोवतीचं दूध पुसायला लागले.

वेदना अशी आधी जाणवलीच नाही. कुणीतरी दंड धरला आहे आणि सोडत नाही, असं वाटलं. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना. हात काढून घ्यायचा आहे हे कळत होतं, पण तो हात जणू माझा नव्हताच. समोरच्या फळीवरचे डबे हलताना दिसत होते. खरं तर मीच हलत होते. त्या क्षणीसुद्धा मनात आलं ते एवढंच, की आता पत्रूभाऊंना कळणार.

दारातून त्यांनी पाहिलं. मला हात लावला नाही. पायाशी पडलेला पाट उचलून त्यांनी माझ्या हातावर असा जोरात मारला, की मी डब्यांवर जाऊन आदळले. मग त्यांनी पिन खेचली.

मला भिंतीला टेकवून बसवल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं. सांगितलं. गाव विचारलं. तेही सांगितलं. मालकांचं नाव काय, म्हणाले, तर मी खाली पाहिलं. त्या काळी नवऱ्याचं नाव असं कसं घ्यायचं? मी लाजले हे पाहून त्यांची खात्री पटली की बाई शुद्धीवर आहे. तेव्हा ते तिथेच ओल्या फरशीवर बसले.

"आधी पिन म्हणलं होतं ना, बाई?"

मी मान हलवली.

"मंग काऊन नाई काढली?"

"तुम्ही शेजारी आला होता," मी म्हटलं. "डाग दिसेल म्हणून घाई केली."

त्यांनी खाली पडलेली पिन उचलून पाटावर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे तुमी इजेले नाई भेल्या. मले भेल्या."

ते उठले आणि पुढच्या घरी न जाता सरळ पॉवरहाउसकडे गेले. थोड्याच वेळात बाराही घरांची वीज बंद झाली. दोन दिवस त्यांनी एकेक शेगडी उघडून तपासली. माझ्या शेगडीत दूध बटणामागच्या तारांपर्यंत पोचलं होतं आणि जमिनीत जाणारी तार आतून तुटलेली निघाली. सगळ्या शेगड्यांना त्यांनी नव्या तांब्याच्या तारा बांधल्या. ते दोन दिवस वसाहत अंगणात विटा मांडून स्वयंपाक करत होती आणि साहेबांच्या बंगल्यापर्यंत धूर जात होता. साहेबांनी विचारायला माणूस पाठवला. पत्रूभाऊंनी त्याला परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या ओसरीवर आले. हातात पोस्टातलं निळं अंतर्देशीय पत्र. एरवी त्यांची पत्रं शाळेचे गुरुजी लिहीत. पण हे माझ्याच हातचं हवं, म्हणाले. घरवालीला लिहायचं आहे. मी दौत घेऊन बसले आणि त्यांनी आधी मला जे सांगितलं, ते वसाहतीत कुणालाच माहीत नव्हतं.

शेगड्या आल्या तेव्हा पहिली शेगडी त्यांनी चाचणीसाठी आधी स्वतःच्या खोलीत जोडली होती. बायकोला, सायत्राबाईंना, मोठ्या कौतुकाने दाखवली. त्यांच्या समोर चहा केला, कान पिळला, "बंद केली" म्हणून सांगितलं आणि ते बाहेर जाऊन बसले. सायत्राबाईंनी पुसायला म्हणून तबकडीवर अख्खा तळवा ठेवला. किंकाळी ऐकून पत्रूभाऊ आत धावले. जळलेला हात पाहून इतके घाबरले की तो हातात घ्यायचं सोडून त्यांच्यावरच ओरडले. बंद म्हटलं होतं, थंड म्हटलं होतं का? घसा बसेस्तोवर ओरडत राहिले, पॉवरहाउसच्या घरघरीत ते बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही एवढंच. सायत्राबाईंनी हात पदरात गुंडाळला. हात बरा करायला म्हणून माहेरी गेल्या, त्या गेल्याच. पत्रूभाऊ दोनदा आणायला गेले, दोनदा एकटेच परतले. दुसऱ्या खेपेला सायत्राबाईंनी आतूनच निरोप दिला होता, की त्या शेगडीपायी वर्षभर कुणालाही काही झालं नाही, तर न्यायला या.

"अकरा महिने झाले होते, बाई," पत्रूभाऊ म्हणाले.

मी टाक दौतीत ठेवला. मग मी घाईघाईने सांगू लागले. हे वसाहतीबाहेर कुणाला माहीत नाही, माझा हातही आता ठीक आहे, एक महिना जाऊ द्या, मी कुणाला बोलणार नाही.

"नाई," ते म्हणाले. "लिवा."

मी लिहिलं. त्यांनी थांबत थांबत सांगितलं: "एका बाईले शाक लागला. बाई वाचली. अर्धी चूक शेगडीची, अर्धी माही. मी लोकायले इतकं भेव दाखवलं, का मले भेऊनच तिनं घाई केली. तुह्यावरबी मी असाच वरडलो होतो. तुहा हात पाहाले पाह्यजे होता. तो नाई पाह्यला."

इथे ते अंगणातल्या विटांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आता लिवा का, धान कापून झालं का."

"या म्हणून लिहू?" मी विचारलं.

"कोणत्या तोंडानं?"

मी पत्र बंद केलं. त्यांच्या नकळत कोपऱ्यात एक ओळ लिहिली होती: ज्या बाईला शॉक लागला ती मीच, आणि मी बरी आहे.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं, कुणा पोरीच्या हाताने लिहिलेलं. सोमवारच्या छोट्या गाडीने चांद्याला येते, सोबत नवे तांदूळ आहेत. बस, एवढंच. पत्रूभाऊंनी ते माझ्याकडून चारदा वाचून घेतलं, जणू पाचव्यांदा त्यात काही वेगळं निघेल.

सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. आज त्यांनी मला काहीच विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "संग चालता का? मले एकट्याले भेव लागून राह्यलं."

खाणीच्या ट्रकने आम्ही चांद्याला गेलो. गाडी आली, माणसं उतरली, बोचकी उतरली, फलाट रिकामा होत आला. पत्रूभाऊंचा चेहरा उतरत चालला होता. तेव्हा शेवटच्या डब्यातून एक उंच, सावळी बाई डोक्यावर तांदळाची चुंगडी घेऊन उतरली. ती आमच्यासमोर येऊन थांबली. पत्रूभाऊंनी सदरा नीट केला.

त्यांच्याकडे न पाहता सायत्राबाईंनी चुंगडी खाली ठेवली आणि मला विचारलं, "पत्रातली बाई तुमीच का?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझे दोन्ही हात घेतले, पालथे-उताणे करून नीट पाहिले. त्यांच्या उजव्या तळव्याची कातडी गुळगुळीत आणि ताणलेली लागली.

"दुखते का आता?"

"नाही."

"मलेबी नाई दुखत आता," त्या म्हणाल्या. बोलत होत्या माझ्याशी, पण आवाज थोडा मोठा केला होता.

पत्रूभाऊंनी मान खाली घातली आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. दोन वर्षं हे विचारायचं त्यांना धाडस झालं नव्हतं. मग वाकून त्यांनी चुंगडी खांद्यावर घेतली. सायत्राबाई पुढे निघाल्या, ते चार पावलं मागे. फलाटाच्या टोकाशी त्या वळून न बघताच हळू चालू लागल्या, इतक्या हळू की ओझं घेतलेल्या माणसालाही गाठता यावं.

मी तिथेच बाकावर बसले. ट्रकला अजून वेळ होता.