खेचर नको

वर्लिनने दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने अर्ध्यावर कापली, कापलेला तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला आणि वहीत लिहिलं, 'पाव औंस वाचला.'

"आता दातही अर्धेच घासणार का?" बायकोने, नडीनने विचारलं. फेब्रुवारीपासून तिला पीठ मोजायला काटा मिळाला नव्हता.

खेचरासारख्या लांब कानांचं ते हरीण, म्यूल डिअर, उत्तरेच्या उंच डोंगरात एकदा तरी धनुष्यबाणाने मारायचं, एवढी एकच इच्छा वर्लिनने उराशी धरली होती. पण शिकारीचा परवाना सोडतीत मिळतो. नाव आलं नाही की पदरात एक गुण पडतो आणि गुण वाढले की आशा वाढते. वर्लिनकडे सतरा गुण होते, म्हणजेच तो सतरा वेळा नापास झाला होता. त्यातच डॉक्टरांनी त्याच्या उजव्या गुडघ्यावर टिचकी मारून सांगितलं होतं, "डोंगर चढायचा असेल तर यंदाच चढून घ्या. थंडीत मी हा कापणार."

यंदा शाळेपासूनचा मित्र गार्थ त्याच्याबरोबर होता. दोघांनी एकत्र अर्ज केला होता. मिळाला तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही. अशा अर्जात दोघांच्या गुणांची सरासरी धरतात, म्हणून वर्लिनने आधीच विचारलं होतं, "तुझे किती?"

"पंधरा," गार्थ म्हणाला होता.

आमच्याकडे माणूस मारलेल्या हरणाची शिंगं वीतभर वाढवून सांगेल, पण गुण खोटे सांगणार नाही. गार्थही खोटं बोलला नव्हता. सगळा घोळ तिथेच झाला.

टेबलावर नकाशे पसरले. रस्ता संपला की पुढे आठ मैल उभा चढ.

"एखादं खेचर भाड्याने घेऊ की रे," गार्थ म्हणाला. "माझा लोखंडी तवा तरी येईल."

"खेचर नको! ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर. आणि तवा तर मुळीच नको. तू आधी ब्रशची दांडी काप."

"माझ्या ब्रशला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!"

मेअखेरीला निकाल लागला. 'परवाना मिळाला नाही.' वर्लिनने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरात होतं, 'दोघांचे सरासरी गुण (अपूर्णांक सोडून): आठ.' तो तसाच सपाता घालून गार्थच्या घरी गेला.

"सतरा आणि पंधराची सरासरी किती रे?"

"सोळा. एवढं गणित येतं मला."

"मग आठ कुठून आले?"

गार्थने फोन काढून नाकासमोर धरला. "हे घे! पंधरा! दिसतंय का?"

वर्लिनला दिसलं. "हे प्राँगहॉर्नचे आहेत, त्या काळविटासारख्या जनावराचे."

"मग?"

"गाढवा, प्रत्येक जनावराचे गुण वेगळे असतात! हरणाचे तुझे शून्य आहेत, शून्य!"

"अर्ज दरवर्षी बायको भरते," गार्थ पुटपुटला. "आणि शिंगं तर दोघांनाही असतात."

वर्लिन घरी आला आणि त्याने काटा नडीनसमोर ठेवला. त्या दिवशी तिने एकही टोमणा मारला नाही, तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला. "आता अठरावा गुण मिळेल," तो म्हणाला. "तो काय गुडघ्याला बांधू?"

एक धुगधुगी उरली होती. कुणी आजारी पडलं की परवाना परत येतो आणि जो संगणकावर आधी बटण दाबेल त्याला मिळतो. वर्लिन तीन आठवडे पडद्यासमोर बसून राहिला. लोक आजारी पडावेत अशी प्रार्थनासुद्धा त्याने केली. बाविसाव्या दिवशी तो फक्त कॉफी ओतायला उठला, तेवढ्यात फोन वाजला.

"वल्लिन! मिलाला ले!"

"कोण बोलतंय?"

"गाल्थ! दाताच्या दॉक्तलकडे आलोय, गाल बधिल झालाय. वेळ जात नव्हता म्हणून फोन बघत होतो. दिसला, दाबला!"

"काय दाबलंस?"

"पलवाना! आपल्याच दोंगलाचा! पन एकच होता ले."

वर्लिनने कॉफी सिंकमध्ये ओतली.

तरीही ऑगस्टमध्ये तो गेला. गार्थ म्हणाला होता, "आखणी सगळी तुझी. तू नाही आलास तर मी पहिल्याच ओढ्यात हरवेन." आणि पुढच्या वर्षी गुडघा नसणार, हे वर्लिनला ठाऊक होतं. शिकार आपली नसली तरी डोंगर तर दिसेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

रस्ता संपला तिथे त्याने सॅक पाठीवर घेतली, आणि ती मागून आणखी जड झाली.

"काय बांधलंस?"

"तवा," गार्थ म्हणाला. "मला धनुष्य सांभाळायचंय ना. आणि खेचर नको, हे तूच म्हणाला होतास."

वर्लिनने गुडघ्याचा पट्टा आवळला आणि चढायला लागला. प्रत्येक पावलागणिक तवा पाण्याच्या बाटलीवर आपटून ठणठण वाजत होता. दुसऱ्या मैलावर वरच्या झुडपातून दोन लांब कान उभे राहिले आणि ठणठण ऐकून नाहीसे झाले.

"अरे, तो तवा धर!" गार्थ कळवळून कुजबुजला. "हरणं पळतायत सगळी!"

"खेचराच्या गळ्यात घंटा असायचीच," वर्लिन म्हणाला आणि मे महिन्यानंतर पहिल्यांदाच हसला.