डावीकडून चौथी

त्या दिवशी सकाळी इंदूरच्या सुदामा नगरात असं धुकं उतरलं होतं, की समोरच्या घराचं फाटक दिसत नव्हतं. फाटकावर वाळत घातलेली लाल गोधडी तेवढी अधांतरी लटकल्यासारखी वाटत होती. माघाचे दिवस. दूधवाला दिसायच्या आधी त्याचा खोकला ऐकू येत होता. दहाच्या सुमारास ऊन जरासं पिवळं झालं, तेव्हा उदयसिंहांनी अंगणात खुर्ची टाकली आणि पोह्यांची वाट बघत बसले.

त्यांच्या लग्नाला त्या दिवशी पन्नास वर्षं होत होती. म्हणजे पोह्यांवर डबल शेव मिळायला काही हरकत नव्हती.

उदयसिंह जन्माचेच सावकाश. चाळीस वर्षं अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या एका खोलीत त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. (स्वतः शाळेत गेले ते फक्त मापं घ्यायला.) जूनमध्ये टाकलेला गणवेश दिवाळीच्या आत मिळणारच, असा त्यांचा लौकिक होता. तोवर पोरं वाढलेली असायची, म्हणून ते आधीच दोन बोटं जास्त धरून शिवायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण टेपवरचे आकडे पाठ होते आणि मोजण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ही मोजण्याची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

झालं होतं असं, की आठ दिवसांपूर्वी त्यांच्या नातीनं, पलकनं, त्यांच्यापुढे लॅपटॉप आणून ठेवला. पलक तुकोगंजात कंप्युटरच्या ऑफिसात नोकरीला. आजी-आजोबांच्या पन्नाशीची भेट म्हणून तिनं घराण्याचं झाड इंटरनेटवर चढवायचं काढलं होतं.

"हे बघा आजोबा, यात मी ग्रुप फोटो टाकून राहिली आहे," ती म्हणाली. "चेहऱ्यावर बोट ठेवलं की नाव येणार, नातं येणार, दोन ओळी माहिती येणार. घरबैठे सगळ्यांना कळेल, कोण कोणाचं कोण आहे."

"मग? आता काय राहिलं?"

"चेहरे! तात्या आजोबांच्या लग्नाचा फोटो आहे ना भिंतीवर, त्यातले सगळे ओळखणारे तुम्हीच. जरा बसा माझ्याजवळ आणि एकेक सांगा ना."

थोरले बंधू तात्याराव यांच्या लग्नातला तो फोटो. मागे अकरा बायका-मुली उभ्या. मधे दहा खुर्च्या, अर्ध्यांवर नवरा आणि त्याच्याकडचे पुरुष, अर्ध्यांवर नवरी आणि तिच्याकडच्या बायका. पुढे सतरंजीवर नऊ पोरं. एकूण तीस. उदयसिंह त्यात नव्हते. ते फोटोग्राफरच्या शेजारी, कॅमेऱ्यावर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून उभे होते.

पण याच फोटोवर त्यांच्या संसाराची गोष्ट उभी होती, आणि ती त्यांनी प्रत्येक बारशाला, मुंजीला आणि साखरपुड्याला सांगितली होती. नातवंडांना तोंडपाठ होती. "मी छत्री धरून उभा. मागच्या रांगेत एक मुलगी हसली. पुढे वर्षभरानं घरात माझ्या लग्नाचं निघालं, तर मी आईला एवढंच म्हटलं, मागच्या रांगेत, डावीकडून चौथी. आईनं बाबांना सांगितलं, बाबा फोटो खिशात घालून गेले आणि मंगलाला ठरवून आले." एवढं झालं की ते मंगलाबाईंकडे बघायचे आणि मंगलाबाई पदर सारखा करायच्या. नेम कधी चुकला नाही.

आता पलकजवळ बसून तीस चेहरे सांगायचे, तर उदयसिंहांच्या चालीनं रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघून गेली असती. म्हणून पोरीचा वेळ वाचावा, अशा भल्या विचारानं ते म्हणाले, "अगं, फोटोच्या मागे पेन्सिलीनं नावं आहेत. बाबांनी रांगेनं सांगितली, फोटोग्राफर बाबूरावनं लिहिली. त्यावरून टाक."

एवढंच म्हणाले. माणसानं कधीकधी भला विचार करू नये.

तर त्या धुक्याच्या सकाळी पलकनं ते झाड सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर सोडलं आणि दहा मिनिटांत पहिला फोन वाजला. ग्वाल्हेरचा यशवर्धन, मोठ्या मामांचा मुलगा. पलकनं स्पीकर लावला.

"पलक, बेटा, फारच सुंदर काम केलंस. फक्त एक शंका आहे. वडील जाऊन वीस वर्षं झाली. त्यांची सहा बाळंतपणं झाली होती, हे मला आज कळून राहिलंय."

"काय?"

"बोट ठेवून बघ ना त्यांच्यावर."

पलकनं बोट ठेवलं. मोठे मामा म्हणजे गालमिशा, कोटाची बटणं तुटायला आलेली, हातात काठी. त्यांच्या डोक्यावर चौकट उगवली: 'सौ. कुमुद आत्या. फुगडीत कुणाला हार गेल्या नाहीत. सहा बाळंतपणं, सगळी घरीच.'

पलकनं घाईनं दुसरीकडे बोट ठेवलं. फेटा बांधलेले तात्याराव म्हणाले, 'नववधू. स्वभावाने लाजाळू.' त्यांच्या शेजारची नववधू निघाली 'तात्याराव, पुढे तालमीचे वस्ताद'.

मग फोनांची रांग लागली. कुणाची आजी घोड्यावरून पडली होती, कुणाच्या आजोबांना मंगळागौरीचा मान मिळाला होता. पलक रडकुंडीला आली. एवढ्यात धुक्यातून शेजारचे नाना मोबाइल उंच धरून आले. नाना मूळचे देवासचे, तात्यारावांच्या बायकोच्या नात्यातले. फोटो काढला तेव्हा नऊ वर्षांचे होते.

"काय भिया, काय लफडा झालाय?" नाना खुशीत होते. "माझं तर एकदम बरोबर आलंय! पुढची रांग, मधोमध, नाक पुसताना. बोट ठेवलं की 'नाना'!"

उदयसिंहांनी भिंतीवरचा फोटो मागवला. मांडीवर घेतला. चष्मा पुसला. फोटो पुसला. पुन्हा चष्मा पुसला. नाना दोनदा खोकले. पलकनं नखं खाल्ली. बऱ्याच वेळानं उदयसिंह म्हणाले, "उलटं आहे."

"काय उलटं?"

"रांगा. बाबा होळकरांच्या फौजेतले हवालदार. त्यांच्या लेखी डावं म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं डावं. समोरून बघणाऱ्याचं नाही. घरात आम्हाला पंगतीला बसवून भाकरी वाढायचे, तेसुद्धा बसणाऱ्याच्या डावीकडून. त्यांनी नावं त्याच हिशेबानं सांगितली. तू टाकलीस समोरून. जे मधोमध होते तेवढेच जागेवर राहिले."

"म्हणून मी बरोबर!" नाना म्हणाले. त्यांचा आनंद जरा कमी झाला.

पलकनं उडी मारली. "बस, एवढंच? पाच मिनट!" आणि खरोखर पाच मिनिटांत तिनं तिन्ही रांगा फिरवल्या. मामा मामा झाले, आत्या आत्या झाल्या, ग्वाल्हेरहून वडिलांची सुटका झाल्याबद्दल आभार आले. सगळं मार्गी लागलं असं वाटलं, आणि तेवढ्यात मंगलाबाई पोह्यांची बशी घेऊन बाहेर आल्या. बशीवर शेवेचा डोंगर होता.

"दाखव गं, मी कुठे आहे त्यात?"

पलकनं मागच्या रांगेत बोट ठेवलं. दोन वेण्यांची, डोळे अर्धे मिटलेली एक मुलगी. वर आलं, 'मंगला. आमची आजी.'

"हीच मी! सूर्य डोळ्यांवर होता मेला." मंगलाबाई हरखल्या. मग, का कोण जाणे, त्यांनी बोट रांगेच्या टोकाला नेलं आणि मोजायला लागल्या. "एक, दोन, तीन..." उदयसिंहांनी हात बशीकडे लांबवला होता, तो तिथेच राहिला. "...सात, आठ. मी आठवी?"



मंगलाबाईंनी दुसऱ्या टोकापासून मोजलं. "एक, दोन, तीन, चार. म्हणजे मामंजींच्या डावीकडून मी चौथी. आणि आपल्या डावीकडून चौथी कोण?"

पलकनं, बिचारीनं, विचार न करता बोट ठेवलं. थेट कॅमेऱ्याकडे बघून हसणारी मुलगी. कॅमेऱ्याकडे म्हणण्यापेक्षा किंचित बाजूला, छत्री जिथे असेल तिथे. 'आनंदी. माहेर देवास, सासर बडोदा. नानांची थोरली बहीण.'

"मी... जरा नंतर येतो," नाना म्हणाले आणि धुक्यात गेले.

मंगलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, तुम्ही फौजेत होता का?"

"नाही."

"कधी कवायत केलीत?"

"नाही."

"मग तुमचं डावं कुठलं?"

उदयसिंह उत्तराचा विचार करू लागले. त्यांचा विचार निम्म्यावर यायच्या आत मंगलाबाई बशी घेऊन आत गेल्या आणि परत आल्या. पोह्यांवर शेव नव्हती. जिरावन मसाला नव्हता. लिंबाची फोडसुद्धा काढून घेतली होती. इंदुरात कुणापुढे असे नुसते पिवळे पोहे ठेवणं म्हणजे काय, ते बाहेरगावच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

"आणि संध्याकाळी पाहुणे येतील," त्या म्हणाल्या, "तेव्हा फोटोला खुर्चीवर मी बसणार नाही. बडोद्याहून बोलवा आनंदीबाईंना. मी छत्री धरून उभी राहीन."

"आजोबा," पलक कुजबुजली, "खरंच चुकून झालं होतं का हो लग्न? मी डिलीट करू का ते?"

"काय डिलीट करतेस? लग्न?" उदयसिंह म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

अंगण ते स्वयंपाकघर हे अंतर बारा पावलांचं. त्यांना जायला वेळ लागला. मंगलाबाई ओट्याकडे तोंड करून कोथिंबीर चिरत होत्या. चिरत कसल्या, तिचा जीव काढत होत्या. उदयसिंह पाटावर बसले.

"मला अंतरपाट सरला तेव्हाच कळलं," ते म्हणाले.

सुरी थांबली. "पन्नास वर्षं?"

"बोलणारच होतो. भटजींना थांबा म्हणावं, असंही मनात आलं. पण मला तोंड उघडायला वेळ लागतो, तुला ठाऊक आहे. तेवढ्यात तूच हळूच म्हणालीस, फेटा डावीकडे उतरलाय, सरळ करा."

"मग? उतरलाच होता."

"मी ओढला, तो भलतीकडेच. तेव्हा तू म्हणालीस, 'माझं डावं नाही हो, तुमचं डावं.'" उदयसिंहांचा हात आपसूक डोक्याकडे गेला. "समोर उभी असून ही बाई माझ्या बाजूनं मोजते आहे, असं आलं मनात. दुसरी कुणी असती तर आपल्याच बाजूनं मोजली असती. मग म्हटलं, बाबांनी मोजलं ते ठीकच मोजलं. गप्प राहिलो."

मंगलाबाईंनी चिरलेली कोथिंबीर ताटलीत सारली.

"मग बारशाबारशाला ती गोष्ट कशाला सांगत होता?"

"गोष्ट खोटी कुठे आहे? डावीकडून चौथीच म्हणालो. कुणाच्या डावीकडून, ते कुणी विचारलं नाही."

मंगलाबाईंनी डबा उघडला. एक मूठ शेव टाकली. थांबल्या. मग अजून अर्धी. जिरावन भुरभुरलं, आणि लिंबाची फोड बशीच्या कडेला ठेवताना म्हणाल्या, "संध्याकाळी फेटा नीट बांधा. मी काही सारखी सांगत बसणार नाही."

उदयसिंह बशी घेऊन बाहेर आले तेव्हा धुकं गेलं होतं. ऊन चांगलं पडलं होतं. बाजूच्या भिंतीपलीकडे नाना कुंड्यांना पाणी घालत होते, पण लक्ष सगळं इकडेच होतं. शेव कुरकुरली तसे ते भिंतीजवळ आले.

"मिटलं?"

"मिटलं," उदयसिंह म्हणाले. पोटात शेव, डोक्यावर ऊन, मनावरचं पन्नास वर्षांचं ओझं उतरलेलं. अशा वेळी सावकाश माणसालासुद्धा जरा मोठेपणा सुचतो. "नाना, तुझी बहीण आहे म्हणून इतकी वर्षं बोललो नाही. पण बाबांची मोजणी चुकली, ही गोष्ट मी पोटात ठेवली. त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. बापाला वाईट वाटू नये म्हणून माणूस काय काय करतो बघ."

नानांनी पाण्याचा डबा खाली ठेवला. इकडेतिकडे बघितलं.

"भिया, आज झाडाचं सगळं सरळ होऊनच राहिलंय, तर हेही सांगून टाकतो," ते म्हणाले. "हवालदारसाहेब आधी देवासला आमच्याच घरी आले होते. मी ओट्यावर गोट्या खेळत होतो. ताईनं आतून विचारलं, 'छत्री धरून उभा होता, तोच का?' आणि नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी चहा संपवला, बाहेर ओट्यावर आले, खिशातून फोटो काढला, आणि मग दुसऱ्या बाजूनं मोजायला लागले."