एक्केचाळीस हात रंग

खरवडायच्या कामात आमच्या खाडीत माझा हात धरणारा कुणी नाही. हे मीच म्हणतो, पण इतकी वर्षं म्हणतोय की आता खरंच असणार.

आमची लाकडी बोट वडिलांच्या वेळची. तळाला शिंपले नि शेवाळ चिकटू नये म्हणून दर वसंतात विषारी रंगाचा एक हात द्यायचा, ही आमच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची रीत. आधीचा रंग काढायची रीत मात्र निदान आमच्या घरात नव्हती. एक्केचाळीस वर्षं, एक्केचाळीस हात. तळाची मगरीची पाठ झाली होती.

आणि शनिवारी आमच्या इंग्रिडचं लग्न, समोरच्या बेटावरच्या चर्चमध्ये. नवरी बापाच्या बोटीतून जाणार, हे ती सहा वर्षांची असल्यापासून ठरलेलं. त्यात व्याही म्हणजे कॅप्टन थर्लो, जन्म जहाजांवर गेलेला माणूस. ओहोटीला बेटाच्या धक्क्यापाशी बोट चिखलात उघडी पडते. म्हणजे तो तळ बघणार.

"यंदा सगळा रंग काढणार," मी जाहीर केलं. "तीन दिवसांत. तळ काचेसारखा करून दाखवतो."

"अजून एक हात मार नि सोड पाण्यात," बायको म्हणाली. तिचं नाव व्हर्ना. "लग्न पोरीचं आहे, बोटीचं नाही."

गोदीचा मालक अर्ल कॉर्कम उलट्या बादलीवर बसून ऐकत होता. वय ऐंशी, त्यामुळे बासष्ट वर्षांचा मी त्याला अजून पोरगाच.

"पोरा, तुझ्या बापानं हा रंग का नाही काढला, विचारलंस कधी?"

"आळस, अर्लकाका."

"हं," म्हणत त्यानं पाईप पेटवला.

तोंडाला फडकं बांधून मी पोलादी पातं चालवायला लागलो. आधी लाल निघाला. त्याखाली हिरवा, त्याखाली काळा, वडिलांनी कुठूनतरी स्वस्तात उचललेला. भाकरीएवढ्या खपल्या पडत होत्या. गोदीतले सगळे सल्ला द्यायला जमले.

"वरून खाली ओढ."

"खालून वर ओढ."

"नांगर तेवढा ठेव नि बाकीची जाळ."

मी कुणाचंच ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी रंगाबरोबर फळ्यांच्या सांध्यात भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, निघायला लागली, मग तिच्यामागे फटी बुजवायला ठासलेला कापूस. वर मे महिन्याचं कोरडं ऊन नि सुसाट वारा. फळ्या वाळून अशा आक्रसल्या, जशा गरीब नातेवाईक दिसल्यावर श्रीमंत माणसं आक्रसतात.

व्हर्ना आत बसून बैठका पुसत होती. "एल्डन, तू निळी टोपी घातलीयस का?"

"हो. का?"

"दिसतेय."

मी बाहेर, ती आत, मध्ये बोट.

अर्लकाका उठून जवळ आला. "त्या रंगानंच धरून ठेवली होती हिला. आता दोरांनी पाण्यात टांगून ठेव. लाकूड पाणी पिऊन फुगलं की फटी मिटतील. आठवडा लागेल."

"परवा लग्न आहे."

"मग माझी बोट घे."

"लाकूड माझं आहे, काका. किती पितं मला माहीत आहे."

मी नवा कापूस ठासला, रंगाचा एकच पातळ हात दिला नि शुक्रवारी बोट पाण्यात सोडली. शनिवारी सकाळी ती तरंगत होती. म्हणजे, मन मोठं करून बघितलं तर.

इंग्रिड पांढऱ्या झग्यात बोटीत उतरली. पाणी घोट्यापर्यंत. "बाबा?"

"लाकूड फुगतंय, बाळा."

"अकराला लग्न लागायचंय."

"तोवर फुगेल."

अर्ध्या वाटेत पाणी उपसायचा पंप बंद पडला. रंगाच्या खपल्या आत जाऊन बसल्या होत्या. आमच्याबरोबर बोटीतून निघालेल्या कॅप्टन थर्लोनं कोट काढला, जेवणासाठी घेतलेलं माशांचं कालवण समुद्रात ओतलं आणि त्या पातेल्यानं पाणी उपसायला लागला. व्हर्नानं माझी निळी टोपी घेतली. नवरीनं झगा कमरेला खोचून बादली उचलली.

"कॅप्टन, तुम्ही कशाला? पाहुणे तुम्ही. बसा."

"कुठे?" त्यानं विचारलं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. लग्न वेळेवर लागलं. वेदीपुढे इंग्रिडचे बूट दर पावलाला पचकत होते, पण पोरगी हसत होती.

बाहेर आलो तर ओहोटी लागलेली. बोट चिखलात कुशीवर पडलेली, नि प्रत्येक सांध्यातून पाण्याच्या धारा. पाहुणे केकच्या बश्या घेऊन बघायला जमले. अशी संधी मी सोडणार होय?

"बघा कॅप्टन, तळ."

त्यानं वाकून हात फिरवला. "काच आहे, काच," त्याला कबूल करावंच लागलं.

"काच असती तर थेंब गळला नसता," व्हर्ना म्हणाली.

परतताना सगळे अर्लकाकाच्या बोटीतून आलो. तिच्याही कठड्यावर जुन्या रंगाच्या खपल्या सुटल्या होत्या. मला मधोमध बसवलं होतं, कठड्यापासून लांब. आणि केक कापायची सुरी व्हर्नानं स्वतःच्या मांडीखाली घेतली होती.