हृदयपरिवर्तनाचा दाखला

सरकारी कामात भावनेला जागा नसते, असा एक गैरसमज लोकांत पसरलेला आहे. मी गेली एकोणीस वर्षं वारसनोंद कार्यालयात टेबल क्रमांक चार सांभाळतो, त्यामुळे अधिकाराने सांगतो, की जागा असते. अर्जाच्या तिसऱ्या पानावर, रकाना बावीस ते सव्वीस. लोकच ते कोरे सोडतात आणि मग बाहेर जाऊन आमच्या नावाने खडे फोडतात.

हे रकाने पूर्वी नव्हते. मग तो सिनेमा आला. तुम्ही तो पाहिलाच असणार, उगाच नाही म्हणू नका. शहरातल्या मोठ्या कंपनीतली पोरगी, पायात उंच टाचा, कानाला फोन चिकटलेला. तिला कधीही न भेटलेल्या आजोबांचा द्राक्षमळा वारशात मिळतो. ती तो विकायला गावी येते. तिथे असतो बाह्या दुमडलेला देखणा मळेकरी. मग कडाक्याचं भांडण, चिखलात धप्पकन पडणं, पाऊस, प्रेम, आणि शेवटी विक्रीचा कागद टराटरा फाडणं. आमच्या कार्यालयाने हा सिनेमा कामाच्या वेळेत, अभ्यासदौरा म्हणून पाहिला. साहेब मध्यंतरापासूनच डोळे पुसत होते.

सिनेमा गाजला आणि ज्याला त्याला द्राक्षमळा हवा झाला. नाही नाही ते लोक नाही नाही त्या आजोबांचे नातू म्हणून दारात उभे राहू लागले. खरा वारस ओळखायचा कसा? शेवटी लोकभावनेचा आदर राखून वरून परिपत्रक आलं. त्यात स्वच्छ म्हटलं होतं, की द्राक्षमळा ही मालमत्ता नसून तो एक प्रवास आहे. तो प्रवास वारसाने नव्वद दिवसांत पूर्ण करावा. रकाना बावीस: मळा विकण्याचा सुरुवातीचा ठाम इरादा. तेवीस: मळेकऱ्याशी भांडण, दोन साक्षीदारांसमक्ष. चोवीस: चिखलात पडल्याचा पंचनामा, फोटोसह. पंचवीस: प्रेम, त्याच मळेकऱ्याशी. सव्वीस: हृदयपरिवर्तनाचा दाखला, साहेबांच्या सहीचा. नोंद होईपर्यंत मळ्यातल्या एका पानालाही कुणी हात लावायचा नाही. यात कुणाला काही न समजण्यासारखं आहे का, तुम्हीच सांगा.

तर अशा सुरळीत व्यवस्थेत एक दिवस ती बाई आली. त्रेचाळीस वर्षांची, चष्मा कपाळावर ढकललेला, नखांत गुलाबी मेण. धंदा कवळ्या तयार करण्याचा. माझ्या सासूबाईंची कवळीही तिनेच केलेली निघाली, पण मी ओळख दाखवली नाही. टेबलावर सगळे सारखे. तिच्या आत्याने मृत्युपत्रात अडीच एकरांचा द्राक्षमळा तिच्या नावाने लिहून ठेवला होता. कागद चोख होते. मला तिथेच संशय आला.

"रकाना बावीसमध्ये तुम्ही 'नाही' लिहिलंय," मी म्हणालो.

"हो. मला विकायचा नाहीये."

"आधी तरी विकायचा होता ना?"

"कधीच नाही."

"एखाद्या वेळी रागाच्या भरात?"

"नाही हो. सात वर्षांची असल्यापासून दर वर्षी छाटणीला आत्याकडे जातेय मी. एक वर्ष चुकवलं नाही."

मला खरंच वाईट वाटलं. चांगल्या घरातली बाई, पण पहिल्याच रकान्यात घात करून बसलेली. "अहो, मन आधीपासूनच तिकडे असेल तर ते बदलणार कुठून?" मी समजावलं.

"ते बदलायला कशाला हवंय? चांगलं चाललंय की त्याचं."

अशी माणसं असतात बघा. रकान्यापेक्षा स्वतःला शहाणी समजणारी. वर तिने मला छाटणीचं शास्त्र ऐकवलं. पाच आठवड्यांत थंडी ओसरेल, काडीवरचे डोळे फुगतील, त्याआधी जुन्या काड्या कापायलाच हव्यात. उशीर झाला तर छाटलेल्या जागेतून पाणी गळत राहतं, वेल दमतो. छाटलाच नाही तर नुसता रान माजल्यासारखा वाढतो आणि फळाच्या नावाने शंख. "चाळीस वर्षांचे वेल आहेत. आत्याने लावलेला एकेक वेल मला ठाऊक आहे. मला फक्त कातर लावायची परवानगी द्या, नाव मागाहून लावा," ती म्हणाली. बोलताना तिची दोन बोटं हवेतच कातरीसारखी चालत होती.

मी सिनेमा नऊ वेळा पाहिला आहे. त्या दोन तास दहा मिनिटांत कुणीही कसलीही छाटणी करत नाही. तरी मळा शेवटच्या दृश्यात हिरवागार असतो. हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलं.

साहेबांनी प्रकरण सहानुभूतीने हाताळलं. ते म्हणाले, "खोटं लिहा असं आम्ही कुणालाही सांगत नाही. खरं लिहिलंत तर नोंद होणार नाही, एवढंच सांगतो." बाई आठ दिवस आली नाही. मग आली, 'नाही' खोडून 'होय, विकायचा आहे' असं लिहिलं. खाडाखोड असल्यामुळे अर्ज नव्याने भरावा लागला. त्यात आणखी चार दिवस गेले.

भांडण ठरलेल्या तारखेला मळ्याच्या फाटकात झालं. मळेकरी काका चौसष्ट वर्षांचे, गुडघ्याला पट्टा, एका कानाने कमी ऐकणारे. मी आणि दोन साक्षीदार पंच खुर्च्या टाकून बसलो होतो.

"काका, तुम्ही फार वाईट आहात," बाई म्हणाली.

"बरं," काका म्हणाले. "चहा घेतलास का?"

पंचांनी शेरा मारला: भांडणात धग अपुरी. दुसरी तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली. त्या वेळी मात्र बाई खरोखर भडकली. पण ती काकांवर नाही, माझ्यावर भडकली. "वेलांकडे बघा जरा! डोळे सुजायला लागलेत! तुम्हाला दिसत नाही का?" असं ओरडली. अर्जदाराने भांडण चुकीच्या व्यक्तीशी केल्यामुळे ते ग्राह्य धरता आलं नाही. तरी मनाचा मोठेपणा दाखवून मी तिचा आवाज तेवीसमध्ये धरला आणि मजकूर वगळला. एवढं कोण करतं हल्ली?

पुढच्या सोमवारी काकांची बायको कार्यालयात आली. तिने पिशवी टेबलावर आपटली आणि उभ्यानेच विचारलं, "माझ्या नवऱ्याच्या प्रेमात पडायला त्या पोरीला नियमाने किती दिवस आहेत?"

"एकूण नव्वद, काकू. त्यातले आता एकेचाळीस उरलेत."

"एवढे कशाला? सदतीस वर्षं झाली, मला अजून जमलेलं नाही. पंधरा दिवस देते. कागद आणा, ना-हरकत लिहून देते. पण छाटणी आधीच लांबलीय, तिला माणूस परत पाहिजे. वेल वाया गेले तर तुमच्या साहेबाला खांबाला बांधून त्याच्यावर वेल चढवीन."

ना-हरकत प्रमाणपत्र घेतलं. धमकीचा भाग कोऱ्या कागदाने झाकून नक्कल काढली.

आता चिखल. त्या महिन्यात पाऊस नव्हता, म्हणून पाण्याचा टँकर मागवला. टँकर येण्यात नऊ दिवस गेले. बाईंना नियमानुसार बांधाच्या टोकावरून पडायचं होतं. त्या पडल्या, उजव्या हातावर. मनगटात कट्ट असा आवाज झाला. मी तिथे होतो, आणि मी काही दगड नाही, मी माझी खुर्ची पुढे केली. पण फोटोत त्या हसत नव्हत्या. परिपत्रकात स्पष्ट आहे, की पडल्यानंतर वारस आधी चिडेल आणि मग खळखळून हसेल. त्या नुसत्या दुखावलेल्या हाताकडे आणि वेलांकडे आळीपाळीने बघत होत्या. तोवर काड्यांवरच्या डोळ्यांतून हिरवं टोक बाहेर आलेलं होतं. काकांनी हळूच खिशातून कातर काढली. मी खाकरलो. त्यांनी ती परत ठेवली.

पंचवीसवर मात्र घोडं साफ अडलं. काकांनी सही करायलाच नकार दिला. "हिला मी खांद्यावर बसवून मळा दाखवलाय. लेक आहे ती माझी. घाला तुमचा रकाना चुलीत," असं भर कार्यालयात म्हणाले. साहेबांनी त्यांना ना-हरकत प्रमाणपत्र दाखवलं, तर ते म्हणाले, "तिची हरकत नाही, माझी आहे." सरकारी कामात असे अडेलतट्टू लोक आले की खोळंबा होतो तो असा. नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बाई भावनिकदृष्ट्या अपात्र ठरल्या. मी स्वतः शिक्का मारला. हलक्या हाताने मारला.

"छत्तीस वर्षं छाटणीला आले," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, आणि कागद उचलून निघून गेल्या.

नियमानुसार हक्क पुढच्या नातेवाइकाकडे गेला. हा बाईंचा चुलतभाऊ. शहरात गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान. आत्याला वीस वर्षांत भेटला नव्हता, तिचं घर फाटकाच्या डावीकडे की उजवीकडे हेही त्याला विचारावं लागलं. काय सांगू, असा अर्जदार जन्मात एकदा मिळतो! रकाना बावीसमध्ये त्याने 'होय' लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि सोबत गिऱ्हाइकाचं पत्र जोडलं. काकांशी त्याचं पहिल्याच मिनिटाला असं जुंपलं की आम्हाला खुर्च्या मागे घ्याव्या लागल्या. चिखलात तो चुकून पडला, टँकरसुद्धा मागवावा लागला नाही. पंचनाम्याचे फोटो काढायला साहेबांची मेहुणी गेली होती. तिला बघून तो खळखळून हसला. वारस पुरुष असल्यामुळे मळेकऱ्याऐवजी ती चालली आणि पंचवीस तिथल्या तिथे झाला. अकरा दिवसांत त्याने सर्वांसमक्ष विक्रीचा कागद टराटरा फाडला आणि साहेबांनी भरल्या डोळ्यांनी दाखल्यावर सही केली. कागदाची नक्कल त्याने गिऱ्हाइकाकडे आधीच देऊन ठेवली होती, पण नक्कल फाडण्याबद्दल परिपत्रकात काही नाही.

पुढच्या वर्षी तिथे 'प्रणयमळा' उभा राहिला. तिकीट काढून आत जायचं, भांडणाचा कोपरा, चिखलाचं टाकं, पावसाचे फवारे, सगळी सोय. काका फाटकावर तिकिटं फाडतात. आम्हीही सहकुटुंब गेलो. वेल असे फोफावलेले की ऊन खाली उतरत नव्हतं. फळ एक नाही, पण फोटोत पानं फार छान येतात. घडांची उणीव भासू नये म्हणून प्लॅस्टिकचे घड टांगले होते, जांभळे, अगदी सिनेमातल्यासारखे. ते इतके हुबेहूब होते की सासूबाईंनी त्यातलं एक द्राक्ष चावलं, आणि कवळीचे दोन तुकडे झाले.

म्हणून मला बाईंकडे जावं लागलं. छोटीशी खोली, भिंतीला लागून टेबल, त्यावर दातांच्या पंक्ती. त्यांनी मला ओळखलं. तुकडे उजेडात धरले, जुळवले, डाव्या हाताने घासू लागल्या. उजवं मनगट नीट वळत नाही आता. आणि तेवढ्यात मला खिडकी दिसली. मोठ्या कुंडीत वेल. दोन हात उंच, तारेवर नीट बांधलेला, प्रत्येक काडी मोजून छाटलेली. खाली एक लहानसा घड होता. खरा.

"हे कुठून आणलं?"

"आत्याच्या मळ्यातली काडी आहे. मी चिखलात पडले ना, तेव्हा हाताखाली मोडलेली होती. मुठीत राहिली," त्या म्हणाल्या. "खाऊन बघा."

खाल्लं. आंबट, मग गोड, मध्ये बी. इतकी चव असते हे मला माहीतच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल. पण कर्तव्य चुकत नाही. बॅगेतून मी नोटीस काढली: वादग्रस्त मळ्यातील काडी विनापरवाना हलवल्याबद्दल कुंडीसह जप्ती का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

त्यांनी ती वाचली. मग कातर घेतली, एक वाळकी काडी छाटली आणि पुन्हा कवळी घासायला बसल्या.

मला राहवलं नाही. शेवटी मीही माणूस आहे. म्हटलं, बाई, अजूनही मार्ग आहे, कुंडीचं प्रकरण नियमित करून घेता येईल, फक्त पंचवीसचं काहीतरी बघा. आणि अगदी आपुलकीने विचारलं, "मग, कुणी भेटलं का?"

असं माझ्याकडे रागाने बघू नका. ती बाई कपाळावर चष्मा ढकलून आत आली, तेव्हापासून तुम्हीही तिच्यासाठी कुणीतरी यायची वाट बघत होता. वेलांचं काय झालं, हे मला अजून एकानेही विचारलेलं नाही.